लाल दिसलं की थांबायचं

टोनोपा या आमच्या वाळवंटी खाणगावातल्या निम्म्या ट्रकांच्या हवेच्या फिल्टरला, धूळ चिकटावी म्हणून, वर्जिल टॅकेटच्या हाताने तेल पाजलेलं आहे. तीस वर्षं खाणीच्या वर्कशॉपमध्ये काढली, निवृत्त झाला, तरी लोक त्याच्याच दारात येतात. पैसे घेत नाही, सल्ला मात्र फुकट आणि ढीगभर देतो. "हे तेल लाल का करतात? दिसावं म्हणून. लाल दिसलं की थांबायचं," हे मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. मी ग्लेनिस, त्याची शेजारीण. बावीस वर्षं हॉटेलात पॅनकेक भाजले, आता याचं डोकं खाते.

गेली दोन वर्षं मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा म्हणून सांगत होते. ऐकेल तर शपथ.

त्या गुरुवारी त्याची मुलगी रोन्डा नवा ट्रक घेऊन आली. शनिवारी वाळवंटातली शर्यत होती. हवेच्या फिल्टरचा जुना बंद डबा काढून मोठा, उघडा फिल्टर बसवायचा होता. तिच्या ट्रकला दुसऱ्या कुणी हात लावला असता तर वर्जिल आठवडाभर जेवला नसता. लोकांचं सोडा, मुलीने आपल्याकडे यावं, एवढीच त्याची हौस उरली होती.

काम त्याने बघण्यासारखं केलं. क्लॅम्प सैल केले, डबा उचलला, जुन्या नळीतला सेन्सर अलगद काढून नव्या नळीत बसवला. त्या सेन्सरमध्ये हवा मोजणारी केसासारखी बारीक तार असते, फिल्टरमधलं जास्तीचं तेल ओढलं जाऊन तिला लागलं की इंजिनाचं गणित चुकतं. हे त्यानेच मला शिकवलं होतं.

रोन्डा पाणी आणायला आत गेली. वर्जिलने खोक्यातून नवा फिल्टर काढला, उन्हात धरला, फिरवला.

"बिनतेलाचा कोराच पाठवलाय मेल्यांनी."

मी बघत होते. फिल्टर चांगला लाल होता, कारखान्यातच तेल लावलेला.

"वर्जिल, लाल आहे तो."

"ग्लेनिस, तू पॅनकेकांचं बघ."

एरवी मी त्याला सोलून काढला असता. पण त्याचा चेहरा इतका खुशीत होता की माझी जीभच उचलली नाही. ते मला अजून बोचतं. त्याने बाटली घेतली आणि एकेका घडीवर तेलाची धार सोडत राहिला, त्याच्या डोळ्यांना लाल दिसेपर्यंत. मग रोन्डा आली, फिल्टर बसला, बॉनेट बंद झालं.

ती गावाबाहेर चक्कर मारायला गेली. चढावर ट्रक खोकायला लागला, ओढेना. पेट्रोलपंपामागे तिने बॉनेट उघडलं, जाड कागदाने फिल्टरचं जास्तीचं तेल टिपलं, सेन्सर काढून फवाऱ्याने धुतला. हे सगळं तिने मला नंतर सांगितलं. बापाला येऊन म्हणाली, "पेट्रोलमध्ये कचरा होता, बाबा. आता झकास पळतोय."

वर्जिल हसला नाही. तिचा हात धरून त्याने वास घेतला.

"पोरी, सेन्सर धुवायच्या फवाऱ्याचा वास मला वर्षानुवर्षं ओळखीचा आहे."

तिने हात मागे घेतला. त्याने माझ्याकडे मान वळवली. "लाल होता?"

"होता," मी म्हणाले.

त्याने रिकामं खोकं बाजूला सारलं. मग फळीवरची तेलाची बाटली काढून रोन्डाच्या हातात दिली. इतक्या वर्षांत ती बाटली मी दुसऱ्या कुणाच्या हातात पाहिली नव्हती.

"शर्यतीनंतर फिल्टर धुशील, वाळवशील. मग तेल तूच लाव. लाल दिसलं की थांब."

"आणि तुम्ही?"

"मी शेजारी बसेन. तू सांग, दिसलं म्हणून."