पाठीवरचा ढोल

कला, विज्ञान आणि तंत्रज्ञान यांनी मिळून काही करायचं ठरवलं की राबायला चौथा माणूस लागतो, हे मला त्या प्रकल्पात कळलं. कला म्हणजे वाईच्या एक चित्रकार बाई. विज्ञान म्हणजे सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजातले पर्यावरणाचे प्राध्यापक. तंत्रज्ञान म्हणजे माधवनगरचा एक इंजिनिअर. त्याचा धंदा यंत्रमागांची पॅनेलं दुरुस्त करण्याचा आणि हौस जगात नसलेली यंत्रं बनवण्याची. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवतो. प्रकल्पात माझं पद होतं 'शरीर'.

विषय होता 'शरीर आणि परिसर'. कृष्णाकाठच्या उसातून निघून पूर्वेच्या कोरड्या माळापर्यंत एका माणसानं चालत जायचं. त्याच्या छातीला पट्टा, काखेत घाम मोजणारी चकती, आणि काळजाचे ठोके पाठीवरच्या स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू यायचे. बाईंना बघायचं होतं, प्राध्यापकांना नोंदवायचं होतं, इंजिनिअरला बिघडेल ते दुरुस्त करायचं होतं. चालायला कुणी उरलं नाही. शिवाय मी तिकडचाच, आटपाडीच्या पुढचा, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं हिंडलेल्या घरातला. प्राध्यापक म्हणाले, चालणं तुमच्या रक्तात आहे. गेली कित्येक वर्षं मी पार्किंगपासून स्टाफरूमपर्यंतच चालतो, हे ते रोज बघत होते.

मी हो म्हणालो त्याचं खरं कारण वेगळं होतं. वाटेच्या शेवटी माझं गाव होतं आणि गावात थोरला भाऊ. पाटाचं पाणी आलं तशी त्यानं मेंढरं विकली आणि डाळिंब लावलं. तेव्हा मी सांगलीहून जाऊन, परंपरा, संस्कृती असले शब्द वापरून त्याला चार माणसांत बोललो. ज्याच्या बुटाला लेंडी लागून जमाना झाला त्यानं हे शिकवावं, याचा त्याला राग आला. तीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. मला त्याला भेटायचं होतं, फार भेटायचं होतं, पण आपण होऊन गेलो असं दिसायला नको होतं. विज्ञानासाठी निघालो, वाटेत घर लागलं, असं झालं तर बरं.

ठोक्यांना आवाज कोणता द्यायचा यावर बाईंनी बराच खल केला. तबला त्यांना दिवाणखान्यातला वाटला. मग त्यांनी आमच्याकडचा धनगरी ढोल कुठंतरी ऐकला आणि त्या हरखूनच गेल्या. मी सांगून पाहिलं की आमच्याकडं ढोल गंमत म्हणून वाजवत नाहीत, तो वाजला की देव निघालाय असं समजून माणसं घराबाहेर पडतात. प्राध्यापक म्हणाले, ही नोंद महत्त्वाची आहे. ढोल कायम झाला.

मी पुढं चालायचो आणि हे तिघं मागून जीपमधून, एसी लावून. उसाच्या भागात एक निवृत्त सुभेदार रस्त्यात आडवे आले. त्यांनी माझा पट्टा, तारा, बॅटरी सगळं तपासलं आणि वायरिंग ढिलं असल्याबद्दल मला उभ्या उभ्या झापलं. साहजिकच ठोके वाढले. प्राध्यापकांनी त्याची नोंद 'उसातल्या दमट हवेचा परिणाम' अशी केली.

गावच्या माळावर पोचलो तेव्हा दुपार होती. घर अजून दिसतही नव्हतं, नुसतं वळण दिसलं आणि पाठीवरचा ढोल सुटला. मी स्वतःला समजावत होतो, पण काळीज ऐकेना आणि स्पीकर काढता येईना, कारण इंजिनिअरनं तो पक्का नटांनी आवळला होता. आधी एक म्हातारी भंडारा घेऊन बाहेर आली. देव कुठं दिसेना म्हणून तिनं माझ्याच कपाळाला भंडारा फासला, मग स्पीकरला लावला आणि हात जोडले. तिच्यामागं सगळी गल्ली आली. बिरोबाची पालखी अवेळी कशी निघाली, असं एकमेकांना विचारत माणसं माझ्यामागं चालू लागली. ढोल म्हटल्यावर मागं फिरणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. पट्टा, तारा, चकती सगळं हळदीनं माखलं, आणि शरीराला कुणी हात लावू नका, असं प्राध्यापक जीपच्या काचेतून विनवत होते.

कुणाला कळू न देता भेटायला निघालेला मी, अख्खं गाव घेऊन भावाच्या दारात उभा राहिलो.

भाऊ स्वतः ढोल वाजवतो, जत्रेत त्याचाच ढोल पुढं असतो. तो टॉवेलला हात पुसत बाहेर आला. माझ्याकडं त्यानं पाहिलंच नाही, फक्त कान दिला.

"हात कुणाचा हाय ह्यो? तालात न्हाई."

"हात नाही ओ," इंजिनिअर खाली उतरून भाबडेपणानं म्हणाला, "काळीज आहे. सरांचं."

आता भावानं माझ्याकडं पाहिलं. तो वाळला होता, मिशी पांढरी झाली होती. मला एकदम भरून आलं आणि ढोल बेफाम झाला. मी घसा खाकरला. तसं काही नाही, इकडून चाललोच होतो, कॉलेजचं काम आहे, ऊन जरा जास्त आहे म्हणून ठोके वाढलेत, असं मी वर्गात व्याकरण सांगतो त्या आवाजात सांगायला लागलो.

"तू गप रं," भाऊ म्हणाला. "त्याला बोलू दे."

त्यानं मला धरून कट्ट्यावर बसवलं, शेजारी बसला आणि मान खाली घालून ऐकत राहिला. गाव उन्हात उभं होतं. माझं म्हणणं त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.