पित्ताची गोळी

आमच्या पोलादपूरच्या कचेरीत दुपारी डबे उघडले की दुखणीही उघडतात. कुणाची शुगर किती आली, कुणाची बीपीची गोळी बदलली, सगळं भाजीबरोबर वाटून खातात. मीही जेवणानंतर एक गोळी घ्यायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, पित्ताची. होती नैराश्याची. ती आणायला महाडच्या घरून थेट पनवेल गाठायचो, कारण महाडच्या मेडिकलात चिठ्ठी दाखवली असती तर माझ्याआधी बातमी घरी पोचली असती. गोळ्या सोलून पित्ताच्या औषधाच्या डबीत भरायचो. एकदा साहेबांनीच "एक द्या हो" म्हणून हात पुढे केला, तेव्हापासून खऱ्या पित्ताच्याही खिशात ठेवू लागलो. एवढी अक्कल कामात चालवली असती तर बढती मिळाली असती.

आवक-जावकच्या टेबलावर एक बाई होत्या. माहेर कुडपणचं, इथे खोली घेऊन एकट्या राहायच्या. गेल्या वर्षी त्या गप्प होत गेल्या, टपालाच्या नोंदी चुकायला लागल्या. एका दुपारी सगळे हात धुवायला गेले तशा माझ्याजवळ आल्या.

"भाऊ, तुमची खरंच पित्ताची गोळी हाय?"

त्यांच्या मुठीत एक पट्टी होती. तीच, माझीच गोळी.

"डॉक्टर म्हनतात वर्षभर घ्या. घरचे म्हनतात, असल्या गोळ्या खाऊन नोकरी होत नाय. घेऊन काम करनारं कुनी म्हाईत हाय का तुमाला?"

सहा वर्षं मी ती गोळी घेऊन त्याच खुर्चीत बसत होतो. म्हणालो, "नाही बुवा. आपलं साधं पित्त."

त्यांनी पट्टी पर्समध्ये टाकली. पुढे दोन महिन्यांत त्या यायच्याच बंद झाल्या. मला त्याची लाज वाटली, पण लाज वाटून घेण्यापलीकडे मी काही केलं नाही.

मग त्यांचा भाऊ राजीनामा घेऊन आला. ताईने गोळ्या कधीच सोडल्या, आता दार लावून बसते, म्हणाला. मी त्याला पडवीत नेलं आणि सगळं सांगून टाकलं.

"हे तिला सांगायचं होतं," तो म्हणाला. मग कागदाची घडी करून खिशात घातली. "आज देत नाय हा. रविवारी कुडपणला घरी या, तुमच्या तोंडानं सांगा. तुमचं ऐकंल ती."

येतो म्हणालो. त्या रविवारी पोलादपूरच्या स्टँडपर्यंत आलोही. पण आमच्या शिपायाची सासुरवाडी कुडपणची. सोमवारी कचेरीत काय बोलतील, हाच विचार करत चहा प्यायलो आणि महाडची गाडी धरली. पुढचे रविवार घरातच गेले.

राजीनामा शेवटी टपालाने आला. त्यांचं टेबल तोवर माझ्याकडे दिलं होतं, त्यामुळे पाकीट मीच फोडलं आणि आवकेचा शिक्काही मीच मारला.