बाबांच्या गाडीतला लाल दिवा विझेना, तेव्हा

मागच्या शनिवारी सकाळी नांदुऱ्याहून निघालो, बाबांची गाडी विकायला. गिऱ्हाईक धाड गावचं होतं. सोबत आई होती... "शेवटची बसून घेतो गाडीत," म्हणाली.

बाबा जाऊन दीड वर्ष झालं. मी पुण्यात, ताई नाशकात, आणि अठरा वर्षांची गाडी अंगणात नुसती उभी. विकायचं मीच ठरवलं, फोटो मीच टाकले. आई काही बोलली नाही, म्हणजे तिची हरकत नाही असं धरून चाललो.

एकच कटकट होती. गाडी सुरू झाली तरी समोरचा बॅटरीचा लाल दिवा विझत नव्हता. दोन दिवस आधी नवी बॅटरी बसवली, तरी तेच. म्हटलं जाऊ दे, दोन तासांचा तर रस्ता...

मोताळ्याला आई म्हणाली, "धामणगावावरून घे ना. तुह्या बाबाची नोकरीची पहिली शाळा तिथंच होती." लांबचा फेरा पडत होता, पण वळवली गाडी.

धामणगाव बढे जवळ आलं तसा हॉर्न बारीक वाजायला लागला. मग इंजिन आचके देऊ लागलं. कशीबशी एका गॅरेजपर्यंत पोचली आणि बंदच पडली.

गॅरेजवाले रफीकभाई पन्नाशीचे, शांत माणूस. दुसऱ्या बॅटरीची वायर जोडून त्यांनी गाडी सुरू केली, मग ती वायर काढून मीटर लावला.

"पाहा साहेब, गाडी चालू असून अकरा व्होल्ट दाखवून राह्यलं. चौदाच्या आसपास पाहिजे. बॅटरीचा कसूर नाही, तिच्यात करंट जाऊनच नाही राह्यला. दिवा तेच सांगून राह्यला होता तुमाले."

नव्या बॅटरीकडे बघून मला माझंच हसू आलं.

त्यांनी इंजिनाचा पट्टा दाबून पाहिला, तो ताठ होता. "मंग बॅटरी चार्ज करते तो अल्टरनेटर. उतरवून बुलढाण्याले पाठवा लागते. दोन दिवस धरा."

मी धाडच्या माणसाला कळवायला फोन काढला. तेवढ्यात आई गाडीतून उतरली, पदर खोचून बॉनेटपाशी गेली.

"भाऊ, उतरवू नका अजून. त्याच्या मांगं एक बारका वायर हाये, तो लोखंडी पट्टीले घासते. वरून दिसत नाही. खालून हात घालून पाहा."

रफीकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी गाडी बंद केली आणि खालून हात घातला. चाचपता चाचपता थांबले.

"हाव काकू, सोलला हाये वायर. बॉडीले टेकून राह्यला." हात बाहेर काढला तर बोटांना काळ्या रबराचा चुरा लागलेला. "हे काय गुंडायलं होतं इथं?"

"सायकलची ट्यूब हाये ते. मीच कापून देल्ली होती," आई म्हणाली.

मी बघतच राहिलो. बाबा मास्तर, पण सुट्टीच्या दिवशी गाडीची सगळी कामं स्वतः करायचे. रस्त्यात बंद पडली की ताई आणि मी बाभळीखाली चिवडा खात बसायचो. बॉनेटमध्ये वाकलेले बाबा, त्यांची कोपरापर्यंत काळी झालेली बाही, काम जमलं की त्यांनी मारलेली शीळ... सगळं आठवतं मला. आई मात्र त्या चित्रात कुठेच नव्हती. ती कुठे असेल, हा प्रश्नही कधी पडला नाही. आता कळलं, ती त्यांच्या शेजारी टॉर्च धरून, हातात पाना घेऊन उभी असायची.

रफीकभाईंनी वायर साफ केली, टेप गुंडाळली, पट्टीपासून दूर बांधून टाकली. गाडी सुरू केली आणि दिवा विझला. मीटरवर चौदा. "काकू, तुम्ही माही मेहनत वाचवली," ते म्हणाले. आई लाजली.

पुढे शाळेसमोर थांबलो. पटांगणात कोणी नव्हतं. आई काच खाली करून बराच वेळ बघत बसली.

मी विचारलं, "आई, गाडी ठेवायची होती काय तुले?"

"हो."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तू इचारलं कुठं?"

रागाने नाही, साधंच म्हणाली. तेच जास्त लागलं... मग म्हणाली, "पण मले चालवता येत नाही ना बाबू. नुसती ठेवून काय करू?"

धाडच्या माणसाला फोन लावला आणि मनापासून माफी मागितली. भला माणूस, समजून घेतलं त्याने. गाडी परत नांदुऱ्याकडे वळवली.

रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात आईला स्टिअरिंगवर बसवलं. वय वर्षं चौसष्ट. चार वेळा क्लच सुटला, चार वेळा गाडी धक्का देऊन बंद पडली. पाचव्यांदा हळूच सरकली.

"चालली रे बाबू, चालली!"

मी डावीकडच्या सीटवर होतो, इतकी वर्षं ती बसायची तिथे. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, नजर समोर. माझ्याकडे बघायला तिला फुरसतच नव्हती... बरंच झालं. माझे डोळे भरून आले होते.