हापशापासून निघालेली रेषा

मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात पेन्सिल होती. मास्तर म्हणजे माझा नवरा, पण तीस वर्षांत मी त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. सकाळीच ते समोरच्या सलीमभाईंबरोबर जवळा बाजारच्या आठवडी बाजाराला गेले होते, जाताना मला वेक्टर आणि रेषेची पाच गणितं घालून. मी दुसऱ्यावरच अडले होते. "भाभी, मास्तरला लई तकलीफ झाली, तुमी निघा..." सलीमभाई एवढंच बोलले. आवाजावरून मला कळलं.

लग्नामुळे माझी बारावी अर्ध्यावर सुटली होती. पन्नाशीत मी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, तोही गणित घेऊन. नोकरी लागायची नव्हती की बढती मिळायची नव्हती. मला फक्त गणितात पास झाल्याचा कागद हवा होता, कारण गणिताच्या मास्तरच्या घरात मला तीस वर्षं ढ समजलं जात होतं. समजणारे अर्थात मास्तरच, आणि आता शिकवणारेही तेच.

वेक्टर म्हणजे किती आणि कुणीकडे, इथवर आमचं जमलं. मग ते म्हणाले, "तू आपल्या दारातून उगवतीकडं दहा पावलं चाल, सलीमभाई त्यांच्या दुकानापासून उगवतीकडंच दहा चालतील. दोन्ही वेक्टर बराबर."

"बराबर कसे? मी गिरणीपाशी पोचते, ते नालीत जातात."

"कुठं पोचलं ते वेक्टर विचारत न्हाई."

"मग त्याचा उपयोग काय?"

मास्तरांनी वही मिटली, दोन दिवस शिकवणी बंद.

रेषेला मात्र पत्ता लागतो, म्हणून ती मला आवडली. एक बिंदू सांगा, एक वेक्टर सांगा, रेषा ठरली. त्या वेक्टरला लॅम्डा नावाच्या कुठल्याही आकड्यानं गुणायचं आणि त्या बिंदूत मिळवायचं, की रेषेवरचा एकेक बिंदू मिळत जातो. पण वेक्टरचा बाण जिथं संपतो तिथंच रेषाही संपते, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी मास्तरांनी मला गल्लीतल्या हापशापाशी उभं केलं. हापसा हा बिंदू, एक पाऊल हा वेक्टर. लॅम्डा तीन म्हटलं की तीन पावलं पुढं, उणे दोन म्हटलं की हापशाशी परत येऊन दोन पावलं मागं. उणे चारला मी सलीमभाईंच्या बकरीवर आदळले.

शेजारच्या शांताबाई बघत होत्या. "काहून असं चालून राहिली? नागनाथाला नवस बोलली का?"

लॅम्डा कोण समजावत बसणार? मी "व्हय" म्हटलं. दुसऱ्या दिवशी शांताबाई नारळ घेऊन हापशाशी हजर, सुनेला दिवस जात नव्हते म्हणून. तिसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. मला वाटलं, आता मास्तर आम्हाला फोडून काढणार. त्यांनी शांतपणे प्रत्येकीला आपापल्या दारातून निघायला सांगितलं, तोंडं सगळ्यांची एकीकडेच. "दिशा तीच, बिंदू येगळे. समांतर रेषा," ते मला म्हणाले. बायकांना तो विधीच वाटला, त्यांनी डोक्यावर पदर घेतले. मास्तर पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. आणि मी गल्लीच्या दोन्ही टोकांकडं बघत उभी राहिले... पाय थांबले तरी रेषा जातच राहते, एकीकडं नरसी गावाच्या पार पुढं आणि दुसरीकडं तितकीच मागं, हे मला त्या दिवशी कळलं.

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी पेपर होता. दीर म्हणाले, "वहिनी, लोक काय म्हणतील?" मी गेले. एक बिंदू, एक वेक्टर दिलेला, रेषेचं समीकरण लिहा, हा प्रश्न आलाच. डोळ्यांत पाणी होतं, कागद नीट दिसत नव्हता, तरी लिहिलं.

काल निकाल लागला. गणितात छत्तीस, पास. सलीमभाईंनी गल्लीभर पेढे वाटले. मी मात्र दुपारभर उंबऱ्यावर बसून होते. मास्तरांचा पहिला प्रश्न ठरलेला असता, "बाकीचे चौसष्ट कुठं गेले?" त्याचं चांगलं झणझणीत उत्तर मी पेपरच्या दिवसापासून तयार ठेवलंय... तेवढं ऐकायला तरी ते हवे होते.