बुधाच्या यानाचा देखावा

इंदुताई चिडक्या, असं हिंदी मुलखातल्या लश्कर पेठेतली सगळी मराठी मंडळी म्हणतात. का नाही चिडणार? जन्मभर मुरारच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गणेशमंडळात दर वर्षी एकच मागणं लावून धरलं: यंदा देखावा बुधाच्या यानाचा करू या. दर वर्षी दुसरंच काहीतरी व्हायचं. यंदा मात्र युरोप-जपानचं यान नोव्हेंबरात खरंच बुधाशी पोचणार म्हटल्यावर अध्यक्ष महिपतरावांनी होकार दिला.

ताईंनी जीव ओतला. मधोमध सूर्य म्हणून हॅलोजनचा दिवा, त्याच्याजवळ बुधाचा चेंडू, आणि सूर्याभोवती वेढे घेत वरून बुधापर्यंत उतरणारी तार. तारेवरून थर्माकोलचं यान हळूहळू घसरे. सूर्याकडे निघालं की वेग वाढतच जातो. तो वेग कमी करायला ग्रहांजवळून वळसे घेत जावं लागतं, म्हणून तर खऱ्या यानाला आठ वर्षं लागतायत. एवढं एकदा तरी लोकांनी डोळ्यांनी बघावं, इतकीच त्यांची हौस.

"ताई, हे तर गोल-गोलच फिरतंय," पहिल्याच संध्याकाळी महिपतराव म्हणाले. "पब्लिक इतकी थांबते का? सीधा ले चलो ना!"

"सरळ नेलं तर ते थांबणारच नाही, महिपतराव!"

ताई जेवायला घरी गेल्या, तेवढ्यात महिपतरावांनी तार सरळ ताणून घेतली. यान सुसाट सुटलं, बुधाला मागे टाकून दिव्यावर आपटलं नि वितळलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी पार बाड्याच्या बाजारापर्यंत बोभाटा: चला, यान जळताना बघू! ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समजावून झालं, भांडून झालं, उपयोग शून्य. वर रोज जळायला नवं यान त्यांनीच कापून द्यायचं.

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी कुणालाही न विचारता तार पुन्हा वळवली आणि यान सोडलं. ते अर्ध्या वाटेत असतानाच महिपतरावांनी आरतीची हाक दिली आणि देखाव्याचा दिवा बंद केला. सगळे मूर्तीकडे वळले. ताई टाळ्या वाजवत होत्या, पण नजर अंधारातल्या तारेवर.

आरती संपली, दिवा लागला. यान बुधाला टेकून उभं होतं, अख्खं. ताईंना भरून आलं.

महिपतराव प्रसादाचं ताट घेऊन जवळ आले, वाकून बघितलं आणि हळहळले.

"अरेरे! आज बिघडलं वाटतं, ताई."