मेहुण्याची कॉलर

आमचे टेलर मास्तर प्रत्येक शिवणीत दोन बोटं जास्त कापड सोडतात. माणूस उद्या जाड होईल, कापड आटेल, काही सांगता येत नाही. त्यांनी शिवलेली पँट बापानंतर मुलगाही घालतो, तो बापापेक्षा आडवा असला तरी. शिवणकामात हा गुण. पत्त्यांत मात्र त्याचं हसं होतं.

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून, कापड बेतायच्या मोठ्या टेबलावर आम्ही चौघं पोकर खेळतो. मास्तर, त्यांचा मेहुणा, दवाखान्यातला कंपाउंडर आणि मी. पैजेला पैशांच्या जागी शर्टाची बटणं. बसताना पैसे देऊन घ्यायची, उठताना परत करायची. मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, खिडकीशी काजं करत बसतात आणि आमच्याकडे पाठ करून सगळं ऐकतात.

प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, पाच हळूहळू मध्ये उघडतात. त्या सातांतली पाच ज्याची भारी, त्याची बटणं. एकाच रंगाची पाच, म्हणजे पाचही बदाम किंवा पाचही किलवर, जमली तर विचारायलाच नको. त्यामुळे मध्ये एका रंगाची तीन पानं दिसली, की मास्तर हातातली चांगली पानं मुकाट टाकून डाव सोडून देत.

"अहो, आपण चौघंच," कंपाउंडर समजावायचा. "दहा जण असते तर कुणाकडे तरी तो रंग असताच. चौघांत एवढी पानं म्हणजे राज्यच. लावा की बटणं."

"बरोबर आहे. पण असला तर?"

"असला तर हरायचं. अजीर्ण होईल म्हणून जेवायचंच नाही का?"

मेहुण्याच्या बाबतीत तर मास्तरांकडे पुरावाच होता. मोठा डाव लावला, की तो कॉलरचं बटण सोडायचा. "भारी पानं आली की माणसाचा गळा फुगतो," मास्तरांनी मला हळूच सांगितलं होतं. "आयुष्यभर गळेच मोजतोय मी."

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी मास्तरांनी तीन राण्या टाकून दिल्या आणि कंपाउंडरचा संयम संपला.

"मास्तर, आज आणखी एकदा असे पळालात, तर पुढच्या रविवारपासून डाव माझ्या घरी. तुमच्या जागी माझा साडू बसेल."

"टेबल माझं आहे."

"म्हणून तर माझ्या घरी म्हणतोय."

मास्तर हसले, पण खडूने टेबलावर उगाच रेघा ओढत राहिले. आठवडाभर दुकानात माणसं येतात खरी, पण 'कंबर किती' याला काही गप्पा म्हणत नाहीत. वहिनींची सुईही थांबली होती.

थोड्या वेळाने मास्तरांना दोन सत्त्या आल्या. मध्ये बदाम सत्ती, बदाम अठ्ठी आणि किलवर दश्शी. तीन सत्त्या झाल्या. मग बदाम दुर्री पडली. मध्ये आता तीन बदाम झाले. शेवटचा चौकट राजा आला. मी आणि कंपाउंडर केव्हाच बाहेर पडलो होतो. मेहुण्याने पुढे वाकून दोन्ही हातांनी बटणांचा ढीग मध्ये ढकलला आणि कॉलर मोकळी केली.

"भावोजी, विचार करा. घाई नाही. साडू काही आत्ताच निघालेला नाही."

मास्तरांनी पानं उचलली, टाकण्यासाठीच. तेवढ्यात ढिगातलं एक बटण घरंगळून खाली गेलं. तोवर मेहुण्याने कॉलर पुन्हा लावली होती. ते बटण उचलायला तो वाकला आणि त्याचा हात आपसूक कॉलर सोडायला गळ्याशी गेला. या वेळी डाव लावायचा नव्हता, हातात पानं नव्हती, नुसतं बटण उचलायचं होतं.

मास्तर बघत राहिले. त्याच्या मानेवर कॉलरचा लाल वळ होता.

मेहुण्याचं माप त्यांनी त्याच्या लग्नात घेतलं होतं. घरचाच माणूस, माप पाठ आहे, म्हणून पुन्हा टेप लावली नव्हती. शर्टाच्या बगलेत त्याच्यासाठीही कापड सोडलेलं असे. कॉलरला कुठून सोडणार?

एक तर याच्याकडे बदाम होते, नाही तर मास्तरांनी शिवलेली कॉलर चुकली होती. इतके रविवार त्यांनी बदामांवरच विश्वास ठेवणं पसंत केलं होतं.

"बघतो," मास्तर म्हणाले. आवाज कुणी मेल्यासारखा. त्यांनी आपली सगळी बटणं पुढे सारली.

मेहुण्याने पानं उलटली. अठ्ठी आणि दश्शी. दोन जोड्या, बदाम एकही नाही. मास्तरांनी तीन सत्त्या मांडल्या. कंपाउंडरने टेबलावर थाप मारली.

"साडूला कळवतो, येऊ नको म्हणून."

मास्तरांचं लक्षच नव्हतं. ते टेप घेऊन मेहुण्यामागे उभे होते.

"मान सरळ ठेव."

"भावोजी, लुटलंत ते पुरे की. गळा तरी सोडा."

"लग्नापासून आवळतोय," वहिनी खिडकीतूनच म्हणाल्या. "त्याला वाटायचं, बोललं तर तुम्हाला वाईट वाटेल."

मास्तरांनी टेपमध्ये दोन बोटं घालून पाहिली, मग तिसरंही घातलं.

"अहो, पत्ते वाटू का?" कंपाउंडर म्हणाला.

"वाट," मास्तर म्हणाले. "माझेही वाट. जागा माझीच आहे."