नाक हिब्रूचं, हार्ट इंग्रजीचं

आम्ही चार बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, एकत्र बसलो की किस्से शोधावे लागत नाहीत, घडतच असतात. त्यात म्हसळ्याला, इस्रायलला निघालेल्या मंडळींसाठी हिब्रूचा वर्ग निघाला. मग काय विचारता! शिकणं राहिलं बाजूला, किस्सेच साठत गेले.

*

एलियामास्तर हिब्रू शिकले होते मुंबईत, तेही इंग्रजी पुस्तकावरून. पहिल्याच दिवशी म्हणाले, "इंग्रजीत रागानं रक्त उकळतं. हिब्रूत नाक पेटतं."

तेलाचा घाणा चालवणारे शालोममामा म्हणाले, "ह्याला पुस्तक कशाला? आमच्या घरात रोज नाकावर राग हाय!"

लेआमामी मागच्याच रांगेत बसल्या होत्या. त्या दिवशी वर्ग लवकर सुटला!

*

मामींनी पुढच्याच आठवड्यात उट्टं काढलं. मास्तर सांगत होते, "सोशिक माणूस हिब्रूत लांब नाकाचा."

मामींनी मामांचं भलंमोठं नाक निरखून पाहिलं. "मास्तर, पुस्तक नीट बघा. कायतरी चुकलंय."

*

एकदा मूत्रपिंडांची पाळी आली. मनाची टोचणी हिब्रूत तिथे लागते म्हणे! त्या रविवारी मटणातले गुर्दे कुणी ताटात घेईना.

"आणि इंग्रजीत?" मामांनी विचारलं.

"प्रेम, दुःख, धीर, बहुतेक सगळं हार्टमध्येच."

"एकट्या हार्टवर एवढा भार? तरीच साहेब दमून घरी गेला!"

*

मिलकाबाई मात्र वर्गात गप्प असायच्या. एकुलता एक लेक तिकडे गेला आणि तिकडच्याच पोरीशी लग्न करून बसला. सुनेला आई नव्हती, आणि हिब्रूशिवाय भाषा येत नव्हती. लेक 'ये, ये' म्हणून लिहायचा. ह्या म्हणायच्या, "पोटातलं जिला सांगता येत न्हाय, तिच्या घरात ऱ्हाऊ कशी?" मला त्यांचं फार वाईट वाटायचं.

शेवटी त्यांनी मास्तरांना सुनेसाठी पत्र लिहायला बसवलं. "लिवा, पोरी, तुझ्यासाठी माझं आतडं तुटतं."

"आतडं बरं नाही दिसत, बाई. हार्ट लिहू."

"हार्ट डॉक्टरनं बघावं. तुम्ही आतडं लिवा!"

मास्तरांनी नाइलाजानं धर्मग्रंथ उघडला. जुन्या हिब्रूत मायेनं कळवळणारी आतडी चक्क सापडली! ती ओळ त्यांनी जशीच्या तशी उतरवली.

दोन महिन्यांनी सुनेचं उत्तर आलं. मास्तर अडखळत मराठीत सांगू लागले, "आई, हे मी धर्मग्रंथात वाचलं होतं. मला कुणी म्हटलं नव्हतं."

मिलकाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"मास्तर, बोटीत दोन शेर कडवे वाल न्यायला देतात काय हो?"